नववं नाव

मिळण्यासारखं तसं फार काही नव्हतं. एक खोली. तीही दुसऱ्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला ओल आलेली. पण तिला उत्तरेकडे खिडकी होती, रुंद, दोन्ही कोपरं टेकून बसता येईल अशी, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी बुकिंगबाईंना जगाकडून एवढंच हवं होतं. त्यांची स्वतःची खोली जिन्यामागची. तिथे दिवसाही दिवा लावावा लागे, आणि भिंतीपलीकडे पाण्याची टाकी असल्यामुळे घरातल्या चौदा माणसांपैकी कोण कधी उठलं, कोणी किती वेळ तोंड धुतलं, हे त्यांना पाठ झालं होतं. नवरा, मूलबाळ, बढती असल्या गोष्टी मागायला छाती लागते; खिडकी मागायला नुसतं लक्ष ठेवावं लागतं. आणि लक्ष ठेवण्यात बुकिंगबाई पहिल्यापासून हुशार. समोरच्या माणसाला काय हवंय आणि त्यापायी तो किती वाकेल, हे बोट कंपनीच्या काउंटरवर बसून चार महिन्यांत कळायला लागतं. आपण किती वाकू हे तेवढं कळत नाही.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. युद्ध संपलं, कंपनी विकली गेली, बुकिंगबाई निवृत्त झाल्या, आणि मंगळवारी सकाळी बटणवाले जिना चढून आले. बटणवाले म्हणजे बटणांच्या कारखान्याचे फिरते विक्रेते. आता अठ्ठ्याहत्तरीला आलेले, पण बोलणं अजून गिऱ्हाइकाच्या दारात पाय अडकवून ठेवल्यासारखं. दरवर्षी बोट बुडाल्याच्या तारखेला ते न चुकता येत आणि बुकिंगबाईंना बटणांचा एक पुठ्ठा देत. यंदा चार दिवस आधीच आले, आणि हातात पुठ्ठ्याऐवजी छापील कागद.

“ताई, चष्मा लावा आणि पाच नंबर वाचा.”

“तुम्हीच वाचा ना.”

“मी वाचला तर मजा जाईल. दोन महिने चिटणीसांच्या मागे लागलोय मी त्या पाच नंबरासाठी. त्यांना शेवटी माझं तोंड बंद करण्यासाठी छापावा लागला.”

बुकिंगबाईंनी वाचला. बंदरावरच्या सभागृहात, शनिवारी दुपारी चार वाजता, बोट बुडाल्याला चाळीस वर्षं झाल्यानिमित्त सभा. पाच नंबरावर त्यांचा सत्कार: ‘अंतःप्रेरणेने एका प्रवाशाचे प्राण वाचविणाऱ्या बुकिंग कारकून’. बटणवाले चार मिनिटं बोलणार, मग त्या दोन शब्द बोलणार. त्या ‘अंतःप्रेरणे’वर त्यांची नजर फारशी थांबली नाही, तो शब्द त्या चाळीस वर्षं ऐकत होत्या. थांबली ती सहा नंबरावर. ‘मृत प्रवाशांना पुष्पांजली’, आणि खाली बारीक अक्षरात ती वाहणाऱ्या बाईंचं नाव. आडनाव लग्नानंतरचं, ओळखीचं नव्हतं. पण पुढे कंसात खुलासा होता: त्या बोटीवरच्या दंत-कारागीर बाईंची धाकटी बहीण.

“काय झालं? आवडलं नाही?” बटणवाले म्हणाले. “तुम्हाला बोलायची भीती वाटत असेल तर नुसतं ‘आभार’ म्हणा आणि बसा. बाकीचं मी सांभाळतो.”

“भीती नाही वाटत,” बुकिंगबाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण ते खरं होतं. आत कुठेतरी फार दिवस तिरकं अडकलेलं कपाट सरळ झालं आणि फरशीवर चारही पायांनी बसलं, तसं काहीसं वाटलं. पाच आणि सहा. मध्ये एकही आकडा नाही. बटणवाले गेल्यावर त्यांनी तो कागद टेबलावर सपाट केला, त्यावर साखरेचा डबा ठेवला, आणि शनिवारी आपण काय बोलणार हे त्यांना कळून चुकलं. राहिलं होतं ते फक्त चार दिवस मन बदलू न देण्याचं काम. ते सोपं नव्हतं. आपलं मन म्हणजे किती पोहोचलेलं गिऱ्हाईक आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

बुधवारी मनानं पहिला डाव टाकला. ते म्हणालं, तू खोटं असं काय बोललीस? आणि हा मुद्दा बिनतोड होता. युद्धाच्या काळात काउंटरवर एक वाक्य सक्तीचं होतं. कोणत्याही प्रवाशानं कोणत्याही बोटीची तारीख विचारली तरी म्हणायचं, ‘सुटेलच असं सांगता येत नाही.’ शत्रूला तारखा कळू नयेत म्हणून तसा हुकूमच होता. मॅनेजरच्या मागे भिंतीवर चिकटवलेला. दिवसातून साठ वेळा त्या हे वाक्य म्हणत, जांभई दाबत, शिक्का मारत, डबा उघडता उघडता. म्हातारे, नवविवाहित, दोनदोन पोरं कडेवर घेतलेल्या बायका, सगळे ते ऐकून घेत आणि आपल्या तारखेला सामान घेऊन बंदरावर हजर होत, कारण ते वाक्य म्हणजे वाक्य नव्हतंच, दारावरची पाटी होती. तेच वाक्य त्या कवळीवालीला म्हणाल्या. अक्षराचाही फरक नाही. म्हणजे वाक्य ऑफिसचंच होतं. फक्त आवाज त्यांचा होता.

कवळीवाली. घरात तिला सगळे याच नावानं हाक मारत आणि ती ‘ओ’ देई. चौतिशीची, बुटकी, हसताना स्वतःचे पुढचे दोन वाकडे दात हातानं न झाकणारी. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, पहिल्यांदा खोलीत शिरणारा माणूस दचकायचा, आणि ती म्हणायची, “बसा, ते चावत नाहीत, अजून चावायला शिकले नाहीत.” दाताचा रंग जुळवायचा तर दिवसभर न बदलणारा उजेड लागतो, म्हणून तिला ती उत्तरेची खिडकी. रविवारी ती बुकिंगबाईंना बोलावून खिडकीशी बसवायची आणि रंगांच्या पट्टीवरचे नमुन्याचे दात एकेक करून त्यांच्या ओठाशी धरायची. “हलू नकोस. तुझा रंग मिळत नाही मला. पिवळा म्हणावा तर नाही, पांढरा म्हणावा तर नाही. खोटारड्या माणसाचा असतो असा.” आणि खो खो हसायची. बुकिंगबाईंना तिच्या बोटांचा वास अजून आठवतो, मेणाचा आणि काहीसा लवंगेच्या तेलाचा. ओठाला लागलेल्या त्या गार पट्टीचा स्पर्शही. त्यांना ती आवडत होती, हीच तर गोची. नावडत्या माणसाची खोली बळकावली असती तर निदान तेवढं तरी सरळ झालं असतं.

समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात जबडे फुटलेल्या सैनिकांसाठी कारागीर हवे होते. तिला नेमणुकीचं पत्र आलं, पुढच्या महिनाअखेरपर्यंत हजर व्हा, नाहीतर दुसऱ्याला घेऊ. तिनं नऊ तारखेच्या बोटीचं तिकीट काढलं. पक्कं, शाईनं लिहिलेलं. आणि घरमालकिणीनं स्वयंपाकघरात, कांद्यानं डोळे पुसत, बुकिंगबाईंना सांगितलं, “खोली तुला देते गं, माझी ना नाही. पण पाच तारखेला भाचा येतोय बायकोला घेऊन. तोवर ती रिकामी झाली तर तुझी, नाहीतर त्याची. मी आपली कोणाच्या अध्यात ना मध्यात.” पाच आणि नऊ. चार दिवसांचा प्रश्न. त्याआधीची बोट अठ्ठावीस तारखेची होती आणि भरलेली होती. जागा रिकामी झालीच तर ती पेन्सिलीच्या यादीतून भरायची. ही यादी काउंटरच्या खणात असे. आठ नावं, आल्या क्रमानं, पेन्सिलीनं. कोणी तिकीट परत केलं की वरचं पहिलं नाव शाईनं गिरवायचं, एवढाच नियम. सव्वीस तारखेला दुपारी एका बाईनं आजारी मुलापायी तिकीट परत केलं. यादीत पहिले होते बटणवाले. बुकिंगबाईंनी तळाशी नववं नाव लिहिलं, कवळीवालीचं, आणि लगेच ते शाईनं गिरवलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

गुरुवारी मन म्हणालं, बरं, पण तू तिचं भलंच केलंस ना? तिची नोकरी जाईल म्हणूनच ना? हा डाव जुना होता, अकरा वर्षं त्या खिडकीशी बसून त्यांनी तो रोज खेळला होता, आणि रोज जिंकला होता. कारण ते खोटंही नव्हतं. नऊ तारखेची बोट खरंच रद्द झाली असती तर? अशा कितीतरी झाल्या होत्या. पण ती झाली नाही. ती सुटली, पोचली, एकाही प्रवाशाचं नखसुद्धा न मोडता. आणि अठ्ठावीसची तिसऱ्या दिवशी पाणबुडीनं फोडली, दोनशे अकरा माणसांसकट. त्यांत सैनिक थोडे होते. बाकीचे असेच, नोकरीला निघालेले, नवऱ्याकडे निघालेले, भावाच्या मुलाला पाहायला निघालेले. ज्यांच्या हातात शस्त्र म्हणून फार तर सुपारी कातरायचा अडकित्ता असेल. गुरुवारी दुपारी बुकिंगबाई दूध आणायला गेल्या, आणि रांगेत उभ्या असताना त्यांच्या लक्षात आलं की त्या ओठाच्या आत जीभ फिरवून स्वतःचे दात मोजताहेत. चोवीस भरले. त्यातले सहा खोटे, आणि ते सहाही चुकीच्या रंगाचे. कवळीवालीनं पाहिले असते तर बनवणाऱ्याला शिव्या घातल्या असत्या.

शुक्रवारी मात्र मनाजवळ डाव उरला नाही, आणि मग ते जिथे जायला नको तिथे गेलं. स्वयंपाकघर. सत्तावीस तारीख, सकाळ. कवळीवाली भिंतीला टेकून उभी, ओला हात परकराला पुसतेय.

“जागा मिळाली? उद्याची? अगं पण धाकटी येणारेय रविवारी.”

धाकटी म्हणजे तिची बहीण. दोघींचं कडाक्याचं भांडण झालेलं. आजारी आईला धाकटीच्या गळ्यात टाकून ही परदेशी निघाली म्हणून. धाकटीनं ‘मला तोंड दाखवू नकोस’ म्हणून लिहिलं, आणि आठ दिवसांनी दुसरं पत्र टाकलं, की रविवारी येते, चार दिवस राहते, मग नऊला पोचवायला येते. हे सगळं घराला ठाऊक होतं, कारण कवळीवालीनं दोन्ही पत्रं जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली होती.

“तिच्याशी नीट बोलल्याशिवाय निघायचं नाही असं ठरवलंय मी,” ती म्हणाली. “नऊ तारखेचं आहे ना पक्कं?”

“पुढची बोट सुटेलच असं सांगता येत नाही,” बुकिंगबाई म्हणाल्या.

कवळीवालीनं हात पुसणं थांबवलं. दाताचा रंग पाहताना बारीक करायची तसे डोळे बारीक केले. “हे कोण सांगतंय? ऑफिस का तू?”

बास. एवढाच प्रश्न. दिवसाला साठ माणसं ते वाक्य ऐकत, पण कोणी हे विचारलं नव्हतं. त्या पाटीमागे माणूस आहे का, असेल तर त्याला काय वाटतं, हे विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. उत्तर द्यायला बुकिंगबाईंना पूर्ण सवड होती. ‘ऑफिस’ म्हटलं असतं तर ती हसली असती, ‘मग ठीक’ म्हणाली असती, आणि नऊ तारखेला गेली असती. पाण्याच्या टाकीत पाणी पडत होतं. वर कोणाचं तरी तोंड धुणं चाललं होतं.

“मी सांगतेय,” बुकिंगबाई म्हणाल्या.

कवळीवालीनं त्यांच्या खांद्यावर ओला हात ठेवला. ती पुढे काय म्हणाली तेही त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. निरोप होता तो, धाकटीसाठी. पण रविवारी धाकटीनं दार वाजवलं तेव्हा दार उघडलं ते बुकिंगबाईंनी, त्याच खोलीचं, खिडकीला स्वतःचे निळे पडदे लावून झाल्यावर. दारात एक शेलाटी बाई, हातात पिशवी, धापा टाकत. “निघून गेली? काही सांगून?” निरोप तोंडापर्यंत आला होता. तो दिला तर पुढचा प्रश्न आलाच असता: मग थांबली का नाही? बुकिंगबाई म्हणाल्या, “घाईत होत्या.” धाकटीनं मान हलवली, जणू हेच ऐकायला ती आली होती, आणि पिशवीसकट जिना उतरून गेली. मंगळवारी बातमी आली. बुधवारी बटणवाले काउंटरवर येऊन ढसाढसा रडले. ज्या माणसानं सहा दिवसांपूर्वी ‘माझा नंबर पहिला होता, मला हात दाखवतेस काय’ म्हणून टेबल दणाणवलं होतं, तोच हात जोडून म्हणत होता, “तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, ताई. मान खाली घालून बसला होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की तुम्हाला काहीतरी दिसलंय.” माणूस असा असतो. अन्याय पचत नाही, पण त्याच अन्यायाला दैवी म्हटलं की दोन घास जास्त जातात.

शनिवारी सभागृहात साठेक खुर्च्या होत्या आणि चाळीसेक माणसं. पुढच्या रांगेत फुलांची परडी मांडीवर घेऊन एक बाई ताठ बसली होती. शेलाटी राहिली नव्हती, पण धाप तीच. बटणवाले बोलले, चारऐवजी अकरा मिनिटं. मग चिटणीसांनी बुकिंगबाईंच्या खांद्यावर शाल घातली, माइक त्यांच्या उंचीचा करून दिला, आणि त्यांनी शाल काढून, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली.

“मला काही दिसलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मला खोली हवी होती.”

लोकांना वाटलं विनोद आहे, दोघंतिघं हसलेही. मग त्यांनी सांगितलं. यादी, नववं नाव, पाच तारीख, भाचा, पडदे. आवाज काउंटरवरचा निघाला, सपाट, प्रत्येक शब्द समोरच्याला एकदाच ऐकून कळेल असा. मनानं शेवटचा एक धक्का दिला, म्हणालं, एवढं पुरे, आता बस. त्या बसल्या नाहीत. “त्यांनी मला विचारलं, हे ऑफिस सांगतंय का तू. मी म्हटलं, मी सांगतेय,” एवढं म्हणून झाल्यावरच त्यांनी माइकवरचा हात काढला.

पहिले उठले ते बटणवाले. “ताई, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“मग हे बोलायची काय गरज होती? माझ्या नातवंडांना झोपवताना मी तुमची गोष्ट सांगतो. माझ्या मुलीला तुमचं नाव ठेवलंय मी!” आणि जरा थांबून, अगदी विक्रेत्याच्या चौकसपणानं, “म्हणजे मी वाचलो तो एका खोलीपायी?”

“हो.”

“पडद्यांपायी?”

“निळ्या,” बुकिंगबाई म्हणाल्या. बटणवाले खाली बसले. एखाद्या घरी चाळीस वर्षं माल पोचवावा आणि तो कधी कोणी उघडलाच नव्हता असं कळावं, तसे.

धाकटी उठली नाही. तिनं परडी बाजूच्या खुर्चीवर ठेवली. “रविवारी दार तुम्हीच उघडलंत.”

“हो.”

“घाईत होत्या, म्हणालात.”

“हो. त्या घाईत नव्हत्या. त्यांनी निरोप ठेवला होता.”

“शब्द सांगा. तिचे. जसेच्या तसे.”

चाळीस माणसांसमोर बुकिंगबाईंनी सांगितलं, “धाकटीला सांग, मी थांबणार होते. आणि म्हणावं, भांडण अर्धं राहिलंय, माझ्या वाटचं बोलून व्हायचंय अजून. विसरू नकोस म्हणावं, मी कुठवर बोलले होते ते.”

धाकटीच्या तोंडून एकच आवाज निघाला, हसण्याचा. “तीच,” ती म्हणाली, “हे तिचंच.” मग चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि त्यात रडणं नव्हतं, काहीतरी जड उचलायच्या आधीची तयारी होती. “आई शेवटपर्यंत विचारत होती, ती न सांगता का गेली. मी सांगायची, कारण ती तशीच होती. तिचा एक फोटो होता घरात, तो मी उलटा करून कपाटात ठेवला. मुलांना सांगितलं, मला बहीण नव्हती. आणि तुम्हाला हे चाळीस वर्षं माहीत होतं. एक पत्र टाकायचं होतंत. सहीसुद्धा नको होती.”

“माहीत होतं.”

“मग आज का?”

बुकिंगबाईंकडे याला एक चांगलं उत्तर होतं, मंगळवारपासून तयार केलेलं. पण उभ्याउभ्या त्यांच्या लक्षात आलं की ते उत्तर पुन्हा ऑफिसचं आहे. “कार्यक्रमात तुमचं नाव माझ्या खाली छापलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला शाल घातल्यावर तुम्ही फुलं वाहणार होतात. ते मला करू द्यायचं नव्हतं. आधी जमायला हवं होतं. जमलं नाही.”

“क्षमा मागताय?”

“नाही. तुम्ही द्याल असं वाटत नाही.”

“नाहीच देणार,” धाकटी म्हणाली. ती परडी घेऊन उठली, गुडघ्यावर हात ठेवत. “तुम्ही तिच्याबरोबर पाच वर्षं राहिलात. तिची शेवटची पाच. माझ्याजवळ त्यातलं काही नाही. दर गुरुवारी माझ्याकडे यायचं. चार जिने आहेत, लिफ्ट नाही. आल्यावर सांगायचं, ती काय बोलायची, काय खायची, कोणाला हसायची. संपेपर्यंत. मी चहा विचारणार नाही.”

“येईन.”

“आता बाजूला व्हा. माझी पाळी आहे.”

बुकिंगबाई बाजूला झाल्या. गुडघे दुखत होते. गुरुवारी कशापासून सुरुवात करायची, जबड्यांपासून का लवंगेच्या वासापासून, याचा विचार त्यांच्या डोक्यात सुरूही झाला होता. फुलं वाहून झाली, माणसं पांगली, आणि या सगळ्याची किंमत कोणी किती भरली ते स्पष्ट झालं. यादीतल्या उरलेल्या सात जणांनी काहीच भरलं नाही. आपण कशातून सुटलो हे त्यांना कधी कळलंही नसेल. बटणवाल्यांचा देव गेला, आणि या वयात दुसरा शोधायला हिंडणं त्यांना झेपणार नाही. धाकटीनं कशाबद्दल ते ठाऊक नसताना चाळीस वर्षं भरलं, तिच्या आईनं मरेपर्यंत. बुकिंगबाई उशिरा भरायला लागल्या, जिने चढून, हप्त्याहप्त्यानं. आणि कवळीवालीनं सगळ्यांच्या आधी, सगळं एकदम भरलं. एवढ्या भरणाऱ्यांत आधी नीट विचारून घेणारी ती एकटीच होती.